चौथा टाका

आमच्या भागात त्या वर्षांत जुनी गाडी घ्यायची तर तिघांना विचारावं लागे: बायकोला, सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि तात्यांना. पहिल्या दोघांनी नन्नाचा पाढा लावला तरी काहीतरी वाट निघायची. तात्यांनी मूठ मिटली की विषय संपला. मग ती गाडी बारामतीत काय, इंदापूर-भिगवणपर्यंत कुणी घेत नसे. एजंट लोक तिला गुपचूप लांब नेऊन कुणाच्या तरी गळ्यात मारायचे.

तात्यांची शेड इंदापूर रस्त्याला, गाव संपता संपता होती. गाडीचा गंजलेला पत्रा कापायचा, तिथं नवा डकवायचा, ठोकून सरळ करायचा, हा त्यांचा धंदा. धोतर नेसून वेल्डिंग करणारा दुसरा माणूस मी जन्मात पाहिला नाही. ठिणग्यांनी धोतराची चाळण झालेली असायची. पँट घाला म्हटलं की म्हणायचे, "आमच्या सात पिढ्या मेंढरामागं ह्याच्यावर चालल्या. आता ठिनगीला भिऊ व्हय?"

मेंढरं त्यांच्या बापाबरोबर संपली होती, पण पारखायची रीत तात्यांनी सोडली नव्हती. बाजारात मेंढरू बघतात तशी ते गाडी बघायचे. आधी समोर उभं राहून नुसतं न्याहाळायचं. मग पोटाखालून हात. तोही कायम एकाच जागेवर सुरू व्हायचा. डाव्या अंगाच्या मागच्या दाराखाली पत्रा आत वळतो ना, तिथं. डोळे मिटून बोटांनी चाचपायचे. मगच बाकीची गाडी. या कामाचा ते एक पैसा घेत नसत आणि कुणी गाडी आणली तर ताटावरून उठून यायचे. आम्ही म्हणायचो, येडं आहे, पण गुणाचं आहे.

त्यानंतर ठोकणं. मधलं बोट वाकवून तीन वेळा, टक टक टक. मग पत्र्याला कान लावून थांबायचं. हे थांबणं इतकं लांबायचं की गाडीचा मालकसुद्धा श्वास धरून उभा राहायचा. एकदा मी न राहवून विचारलं, "तात्या, काय ऐकताय?"

"उत्तर."

"गाडी उत्तर देती व्हय?"

"आजून तरी न्हाय दिलं," तात्या म्हणाले आणि पुढच्या दाराकडं वळले.

मी हायस्कूलवर भूगोल शिकवायचो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्या दिवशी भर दुपारी माझ्या मानेवर काटा आला, हे कबूल करतो.

निकाल ते तोंडानं कधीच देत नसत. गाडीच्या दोन्ही दिव्यांवर फडकी टाकायचे, मग खांद्यावरचा टॉवेल आपल्या आणि गिऱ्हाइकाच्या हातावर घ्यायचे आणि त्याखाली बोटं दाबायचे. जनावरांच्या बाजारात व्यापारी असाच सौदा करतात, शेजारच्याला भाव कळू नये म्हणून. तात्यांचा हिशेब सोपा होता. दोन बोटं दाबली म्हणजे घ्या. मूठ मिटली म्हणजे सोडा.

"शेडमध्ये तर आपण दोघंच आहोत," मी एकदा हसून म्हटलं. "लपवायचं कुणापासून?"

त्यांनी हनुवटीनं गाडीकडं खूण केली. "तिच्यादेखत बोलू नये, मास्तर. उद्या तुमाला तिच्यातच बसायचंय."

गंजाबद्दल बोलायला लागले की मात्र माणूस खुलायचा. "गंज आतनं येतो. भाईर दिसतो तवा त्याचं जेवान झालेलं आसतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. भिगवणची मासळी बर्फात घालून नेणाऱ्या गाडीचा गंज वेगळा, द्राक्षावरच्या औषधाचे डबे वाहिलेल्या गाडीचा वेगळा. बोटाला गंज लावून ते आधी वास घ्यायचे, मग जिभेच्या टोकाला लावायचे आणि थुंकायचे. बघणारा तोंड फिरवायचा.

कळंबचा एक बागायतदार एकदा पुण्याहून आलेली गाडी घेऊन आला. विकणारा तरुण मुलगा बरोबरच होता, चांगला शिकलेला, घड्याळाकडं सारखा बघणारा. तात्यांनी मागच्या सीटखालचं कापड उचललं, बोट फिरवलं, जिभेला लावलं. मग त्या मुलाकडं वळून हळूच विचारलं, "हिच्यात तुमचं कोन गेलं?"

तो मुलगा पांढराफटक पडला. त्याचे वडील त्याच सीटवर गेले होते, दवाखाना गाठण्याआधी. घरच्यांशिवाय हे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

ते लोक गेल्यावर मी तात्यांना धरलंच. "खरं सांगा, कसं कळलं?"

"सलाईनची नळी सुटली आसंल, मास्तर. मिठाच्या पान्यानं पत्र्याचं पापुद्रं निघत्यात. आन् गाडीत सलाईन कवा टांगत्यात?"

एवढं साधं होतं. हे ऐकून मला हायसं वाटायला पाहिजे होतं. उलट मी घरी येताना माझ्या स्कूटरच्या गंजाकडंसुद्धा बघायचं टाळलं.

आता त्यांच्या मुलाचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय तात्या कळायचे नाहीत.

मुलगा एकुलता. अठराचा झाला आणि बापाच्या हाताखाली तयार झाला. त्यांच्या मेंढरांच्या कानाला तीन काप द्यायची पिढीजात खूण होती. तीच खूण तात्या पत्र्याला द्यायचे: डकवलेल्या तुकड्याच्या खालच्या कडेला एका ओळीत तीन पितळी टाके. रंगाखाली दिसायचे नाहीत, पण बोटाला लागायचे. भिगवणच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीचं काम मुलानं पहिल्यांदा एकट्यानं केलं आणि कडेला दिले चार टाके. तात्या भडकले. "बाप-आज्याची खून हाय ती! उद्या आपली मेंढरं आपल्यालाच वळकू यायची न्हाईत!" पोरगं हसलं म्हणे. म्हणालं, चौथा माझा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडी पोचवायला भिगवणला निघालं. ते भिगवणला थांबलंच नाही. व्यापाऱ्याच्या दारावरून पुढं गेलं. डाळजच्या एका माणसानं ती गाडी सोलापूरच्या अंगाला जाताना बघितली. त्यानंतर ना गाडी, ना पोरगं.

व्यापाऱ्यानं फिर्याद दिली. पोलीस तात्यांच्या घरी चार वेळा येऊन गेले. गावानं ठरवून टाकलं की पोरानं गाडी विकली आणि मुंबई गाठली. चोराचा बाप म्हणून तात्यांनी दोन वर्षं खाली मान घालून काम केलं. बायको त्याच धसक्यानं गेली. शेडमध्ये दोन खिळे होते, एकावर तात्यांचा वेल्डिंगचा काळा चष्मा, दुसऱ्यावर पोराचा. दुसऱ्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

मी एकदाच तो विषय काढला. तात्या काम थांबवून म्हणाले, "मास्तर, चोर तर चोर. कुटंतरी जिता आसंल, भाकरी खात आसंल. मला तेवड्यावर झोप लागती." आणि पुन्हा ठोकायला लागले.

एक गोष्ट मात्र त्या घटनेनंतरही त्यांनी सोडली नाही. गिऱ्हाइकाची गाडी शेडमधून चार पावलं हलवायची असली तरी आधी चारी काचा वर. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची. मी एकदा काच खाली ठेवून गाडी मागं घेतली तर माझ्यावरच खेकसले. "परक्याची गादी हाय! धुरळा बसला तर तुमी झटकनार का? पोराला पयला धडा ह्योच दिला हुता मी."

आठ वर्षं अशी गेली. मग माझी पाळी आली.

आमच्या हिला सातवा महिना होता आणि तिचं माहेर इंदापूरच्या पुढं. स्कूटरवर बसणार नाही म्हणून तिनं निक्षून सांगितलं. एसटीला गर्दी. त्यात मी, शहाणा, स्टाफरूममध्ये बोलून बसलो होतो की यंदा गाडी घेणार. बोलून बसलं की गाढवावर बसल्यासारखं असतं, उतरावं तरी हसं होतं. म्हणून एक एजंट गाठला. हा माणूस नवीन होता, तात्यांची ख्याती त्याच्या कानावर नव्हती. त्यानं एक गाडी आणली. त्या काळी आमच्या रस्त्यावर दोनच जातीच्या मोटारी दिसायच्या, त्यातली एक. रंग ताजा, सायीसारखा. इंजिन म्हणे दुसरं बसवलेलं. मूळ कुठली, तर "साताऱ्याकडं दोन-तीन हात फिरलीय," एवढंच.

दारांच्या खालच्या कडेला रंगाचे फोड आले होते. मी नखानं एक फोडला तर आतून तांबडा भुगा आला. आणि ड्रायव्हरच्या बाजूची काच चार बोटं खाली जाऊन अडत होती.

"ग्रीस मारलं की झालं, सर," एजंट म्हणाला.

हिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, काचेतून आत बघितलं आणि म्हणाली, "वास कसला येतोय हो? विहिरीचा येतो तसला." मी म्हटलं, बंद होती गाडी, येणारच. पण घ्यावी की नाही हे काही मनात ठरेना. एक मन म्हणे, बाळ यायच्या आत दारात गाडी पाहिजे. दुसरं म्हणे, ज्या गाडीत बाळ बसवायचं तिचा तळ तरी धड आहे का बघ. शेवटी मी एजंटला म्हटलं, तात्यांकडं चल.

मे महिना. त्या वर्षी उजनी धरणाचं पाणी फार उतरलं होतं, त्यात बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ कळसापासून पायापर्यंत उघडं पडलं होतं, आणि लोक जत्रेसारखे बघायला चालले होते. दुपारी तीनचं ऊन. शेडमध्ये तात्या एकटेच होते. एजंट बाहेर लिंबाच्या सावलीला सिगरेट ओढत थांबला.

तात्या गाडीसमोर उभे राहिले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग डाव्या अंगाला बसले आणि मागच्या दाराखाली हात घातला.

हात तिथंच राहिला.

मला वाटलं काही चावलं की काय. "तात्या?" त्यांचे डोळे मिटलेले. थोड्या वेळानं म्हणाले, "मास्तर, हितं बोट घाला. मोजा."

मी गुडघ्यावर बसून बोट फिरवलं. रंगाच्या आणि गंजाच्या खाली बारके उंचवटे लागले. एक, दोन, तीन.

"फुडं," तात्या म्हणाले.

चार.

तेव्हा मला कळलं की आठ वर्षं हा माणूस गाड्या पारखत नव्हता. तो एक गाडी शोधत होता. आणि आम्ही त्याला येडं म्हणत होतो. मला माझी मलाच लाज वाटली.

तात्या उठले. त्यांच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला सांगू, आनंद होता. गाडी मिळाली म्हणजे विकणारा मिळेल, विकणारा मिळाला की पोरगं मिळेल. ते भराभरा गाडीला फेरी मारून ड्रायव्हरच्या दाराशी आले आणि सवयीनं बोट वाकवून ठोकलं. टक टक टक. कान लावला.

आणि आतून आवाज आला. टक.

मी तो ऐकला. माझ्या कानांनी ऐकला. एकच, जड, दाराच्या आतून. शेडमध्ये वारा नव्हता, एजंट बाहेर होता, गाडी बंद होती.

तात्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद विझला. त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "काच खाली घ्या." मी हात घालून आतली मूठ फिरवली. काच चार बोटं उतरली आणि अडली. त्यांनी पेचकस घेतला आणि दाराचं आतलं झाकण खोलायला सुरुवात केली. एक स्क्रू तीनदा निसटला. मी घेऊ का म्हटलं तर मानेनंच नको म्हणाले.

झाकण निघालं. दाराच्या पोकळीत खालपासून अर्ध्यापर्यंत राखाडी गाळ बसला होता. दगडासारखा, भेगाळलेला. ठोकल्यामुळं त्याचा एक ढेपसा सुटून खाली पडला होता, तोच तो आवाज. गाळात नखाएवढे शंख रुतलेले होते. तात्यांनी ढेपसा फोडला. आत तो ओला होता. मे महिन्यात.

त्यांनी वास घेतला. जिभेला लावलं. या वेळी थुंकले नाहीत.

"गावचा गाळ हाय," ते म्हणाले. "पळसदेवचा. आमच्या वाड्याखाली आसाच गाळ हुता." मग जमिनीवर बसले. "आमी पान्याला गाव दिलं तवा पोरगं धा वर्साचं हुतं. लय रडलं. म्हनायचं, पानी उतरलं की तात्या आपुन जाऊ. त्या सालीबी देऊळ वर आलं हुतं. मोकळी गाडी हाताशी घावली, म्हनलं आसंल बघून येऊ पटदिशी."

मला जुना हमरस्ता आठवला. वर्गात मी तो नकाशावर दाखवायचो. पाणी उतरलं की तो वर येतो, डांबरासकट, आणि देवळाच्या अंगाला जाता जाता पुन्हा पाण्यात शिरतो. कडेला गाळाची साय धरते. वरून ती जमीनच वाटते. नवख्या माणसाला भीती वाटते, तो लांबूनच परत फिरतो. फसतो तो जुन्या गावचा माणूस, कारण पुढं रस्ता आहे हे त्याला पाठ असतं.

पुढच्या कुठल्या तरी उन्हाळ्यात ती गाडी कुणीतरी गुपचूप काढली, नवं इंजिन घातलं, नंबर बदलला, रंग दिला. आत काय होतं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. कसं सांगेल?

"पण तात्या," मी म्हटलं, कारण काहीतरी म्हणायलाच पाहिजे होतं, "पोहून निघाला असेल. पोहता येत होतं ना त्याला?"

"माशागत पवायचं," तात्या म्हणाले. त्यांनी दाराच्या आत बोट दाखवलं. "बगा, काच उतरायची जागा गाळानं भरली. काच आत आसती तर गाळ बसाया जागाच न्हवती. काच वर हुती, मास्तर. चारी वर आसतील. धुरळा उडत आसंल." त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला पुढं वाकावं लागलं. "परक्याची गादी खराब व्हील म्हनून."

मी ओक्साबोक्शी रडलो. मास्तर असून, त्या शेडमध्ये, एजंट बाहेर असताना. तात्या रडले नाहीत. सावकाश उठले आणि दोन्ही दिव्यांवर फडकी टाकली, नेहमीसारखी. खांद्यावरचा टॉवेल काढला. माझा हात त्याखाली घेतला.

मी वाट बघत राहिलो. त्यांची बोटं हलेनात. हात गार पडला होता.

"आज तुमी सांगा, मास्तर," ते म्हणाले. "मी घिऊ का सोडू?"

घ्या म्हटलं तर पोरगं गेलं. सोडा म्हटलं तर ही गाडी जाईल कुठंतरी लांब, आणि मुंबईत एक चोर भाकरी खात राहील. सगळ्या तालुक्याला हा माणूस दोन बोटांत निकाल द्यायचा, आणि त्यानं स्वतःचा माझ्या हातात दिला. मी काय देणार? मी मूठ मिटली. घट्ट. सोडा तात्या, सोडा, असं मनात म्हणत.

थोडा वेळ त्यांनी ती मूठ तशीच हातात धरली. मग टॉवेलखाली एकेक करून माझी बोटं उलगडली. एक उलगडलं. दुसरं उलगडलं. आणि ती दोन बोटं त्यांनीच दाबली.

"घेतली," ते मोठ्यानं म्हणाले. गाडीच्या तोंडावर.

भाव त्यांनी विचारलासुद्धा नाही. एजंट बावचळून गेला, पण खुशीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या धुतलेलं धोतर नेसून भिगवणला गेले, मला बरोबर घेतलं. तो व्यापारी आता म्हातारा झाला होता. तात्या त्याच्या उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. म्हणाले, "शेट, तुमची गाडी घावली. तिचं काय आसंल ते मी भरीन. पोरगं चोर न्हवतं, येवडं सांगाया आलो." म्हातारा बसल्या जागेवरून उठला, तात्यांचे दोन्ही हात धरून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. गाडीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

त्यानंतर तात्यांनी कुणाचीच गाडी पारखली नाही. लोक यायचे, ते हात जोडायचे. पोराचा चष्मा खिळ्यावरून उतरला, कुठं ठेवला ते मी विचारलं नाही. मी पुढं गाडी घेतलीच नाही. आमची लेक एसटीनं आजोळी गेली आणि आजही मला कंजूष म्हणते.

ती गाडी शेडच्या मागं लिंबाखाली उभी असायची. तात्यांनी तिला ना रंग दिला, ना गंज काढला. एकच काम केलं. चारी दारं खोलून गाळ काढला, ती धुतली, आणि चारी काचा पार खाली उतरवल्या. पावसाळ्यात एकदा मी गेलो तर धो धो पाणी आत पडत होतं, सीटवर तळं झालं होतं. जुन्या सवयीनं मी काच वर घ्यायला धावलो.

"ऱ्हाऊ द्या," तात्या शेडमधून ओरडले. "उगडी ऱ्हाऊ द्या."